दोन नातवंडं, भाजी आणि परबकाका

परबकाकांनी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, ते गव्हाचं पोतं. खायला नाही, फिरवायला.

"शैला, तुझ्याकडे वर्षाचे गहू येतात ना? एक लहान पोतं दे गो. संध्याकाळी परत करतो. एक दाणा कमी नाय होणार."

मी पोतं दिलं आणि गॅलरीत येऊन बघते तर काकांनी ते सायकलच्या मागच्या सीटवर बसवलेलं, पट्ट्याने आवळलेलं, वर शाळेचं दप्तर अडकवलेलं. कंपाउंडला दोन फेऱ्या मारून त्यांनी गेटपाशी करकचून ब्रेक दाबला. मग मागे वळून पोत्याला विचारलं, "पार्थ, लागला नाय ना?"

पार्थ त्यांचा नातू, दुसरीत जाणारा. धाकटी इरा चार वर्षांची. तिच्या जागी तांदूळ असायचे.

आमची कॉलनी मुलुंड पूर्वेची, तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. आणि परबकाकांनी जन्मभर काय केलं, तर लिफ्ट बसवल्या. लोकांना विसाव्या मजल्यावर पोचवणारा हा माणूस स्वतःच्या घरी गुडघे धरून चढतो. नवी लिफ्ट चालू करण्याआधी तिच्यात पोती भरतात, वरखाली नेतात, मध्येच थांबवतात, आणि सगळं ठीक असेल तरच माणसांना आत घेतात. ही रीत काकांच्या अंगात इतकी भिनली होती की घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला ते तीच लावायचे. "आधी पोतं, मग माणूस." नव्या खुर्चीवर आधी कांदे बसायचे. गणपतीचा पाटसुद्धा त्यांनी बटाटे ठेवून तपासला होता. देवाला माणसापेक्षा वेगळा न्याय नको, म्हणाले.

सायकलचं प्रकरण निघालं ते सुनेच्या ड्यूटीवरून. काकांचा मुलगा महेश दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला. सून स्मिता ठाण्याला एका लॅबमध्ये काम करते. जूनपासून तिला सकाळची पाळी लागणार होती, म्हणजे मुलांना शाळेत सोडायला घरात फक्त काका. शाळा स्टेशनच्याही पलीकडे. इरा निम्म्या वाटेत फतकल मारून बसते. मुलांच्या रिक्षाला काकांचा ठाम नकार, कारण तिच्यातून अर्धी पोरं बाहेर लोंबत असतात. स्मिताचा भाऊ चिपळूणला असतो. तो म्हणाला, दोघांना इकडे पाठव, इथल्या शाळेत घालतो. त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त मुलं गेली असती तर त्या घरात दिवसभर काका आणि भिंतीवरचा महेशचा फोटो, एवढंच उरलं असतं.

"सायकल बघतो," काका सुनेला म्हणाले. "पोरं पण जातील, भाजी पण येईल. मग काय ते ठरव."

मग त्यांनी जे बघायला घेतलं ते मुली बघण्याच्या वरताण होतं. एक सायकल लांब होती, तर जिन्याखाली मावेना. बॅटरीवाली फार पळते म्हणून बाद. तीन चाकांची, पुढे पेटी असलेली एक होती. तिच्यात नातवंडं कुल्फीसारखी दिसतील म्हणून तीही बाद. पुढच्या दांडीवर छोटी सीट लावावी तर ब्रेक मारल्यावर पोराचं तोंड हँडलवर आपटतं, हे त्यांनी भोपळा बांधून सिद्ध केलं. भोपळा फुटला. आम्ही सगळ्यांनी त्याची भाजी खाल्ली. दुकानवाला शेठ शेवटी वैतागून म्हणाला, "काका, बच्चों के लिए चाहिए या सिमेंट के लिए?" काका गंभीरपणे म्हणाले, "पहले सिमेंट."

अखेर एक जुनी, दूधवाल्याची दणकट सायकल घेऊन त्यांनी ती स्वतः बांधली. मागे एकापुढे एक दोन सीटा, पोरांचे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना साडीगार्डची जाळी, खाली सामानाच्या दोन टोपल्या, आणि उभी केली तर हत्ती टेकला तरी पडणार नाही असा स्टँड. हँडलला मात्र काहीही अडकवायचं नाही. मी एकदा सहज कोथिंबिरीची जुडी अडकवली, तर ती त्यांनी लगेच काढून माझ्या हातात दिली.

मे महिनाभर गहू-तांदूळ फिरत राहिले. एकदा स्पीडब्रेकरवर तांदळाचं पोतं उसवलं. वॉचमन गेटवर पेंगत होता, त्याला काकांची हाक ऐकू आली, "इरा पडली रे." तो बिचारा धावत गेला, मागून आम्ही. बघतो तर तांदूळ सांडलेले, कबुतरं उतरलेली, आणि काका गुडघ्यांवर बसून दाणे ओंजळीत भरतायत. "जाऊ दे काका, कबुतरं खातील," वॉचमन हसत म्हणाला. काकांनी मान वर केली नाही. पोत्याची उसवलेली शिवण एका हाताने दाबून धरत ते एकेक दाणा फुंकून आत टाकत होते. माझं हसू आतल्या आत मेलं. मी खाली बसले आणि दाणे वेचायला लागले.

पोरं अजून सायकलवर चढली नव्हती. मला वाटत होतं, स्मिताच अडून बसली असणार. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले तेव्हा ती जिन्यात भेटली आणि मी तिला समजवायला गेले.

"शैलाताई, मी कधी नाही म्हटलं?" ती म्हणाली. "सायकल कधीची तयार आहे. मी रोज म्हणते, बाबा, एकदा पोरांना बसवून फेरी मारा ना. ते म्हणतात, अजून एक टेस्ट. भाऊ रविवारी येतोय. मी तरी किती थांबू?" मग म्हणाली, "त्या दिवशी महेशला बाबांनीच सांगितलं होतं, येताना नारळ आण. पिशवी हँडलला होती. ती चाकात गेली."

अपघात सगळ्या बिल्डिंगला माहीत होता. नारळांचं मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी काका खाली साडीगार्डचे स्क्रू आवळत होते. मी त्यांना विचारलं, "काका, लिफ्टमधनं पोती उतरली की पहिला माणूस कोण चढायचा?"

"मीच. जो बसवतो तोच पहिला चढतो. रीतच हाय तशी."

"भीती नाही वाटायची?"

"कसली? माझा एकट्याचा जीव."

ते आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत बसले.

रविवारी भाऊ आला. स्मिताने त्याला सोमवारपर्यंत थांबवून घेतलं. सोमवारी शाळा होती. ती उजाडताच कामावर गेली, जाताना सासऱ्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, डबे भरलेत." भाऊ आणि मी गॅलरीत उभे. काकांनी दोघांना खाली आणलं, सीटवर बसवलं, पट्टे लावले, ओढून बघितले, दप्तरं टोपलीत ठेवली. एक पाय पॅडलवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. पार्थ म्हणाला, "आजोबा, चला ना यार, बेल होईल." काकांनी पाय काढला, स्टँड वर केला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि चालायला लागले.

शाळेपर्यंत चालत गेले. मुलं वेळेवर पोचली. भाऊ दुपारच्या गाडीने एकटाच चिपळूणला परतला.

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. चालत जायचं म्हणून मुलांना लवकर उठवतात, त्यावरून घरात रोज रडारड होते. येताना काका भाजी टोपलीत टाकतात आणि सायकलवर टांग मारून, घंटी वाजवत, रिक्षावाल्यांना शिव्या घालत सुसाट येतात. मुलं असली की मात्र एकदाही चढत नाहीत. रस्त्यावरची माणसं बघतात, हसतात. मीही आधी हसायचे.

परवा मला बाजारात जायचं होतं म्हणून त्यांच्या बरोबरीने निघाले. काकांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. मागून इराने विचारलं, "आजोबा, तुम्ही का नाही बसत?"

चालवणाऱ्याची सीट अख्खी रिकामी होती. काकांनी हँडल आणखी घट्ट धरलं.

"जागा नाय गो बाय," ते म्हणाले.