शिंपल्यांचा मोड आणि होडीची फत्ते

तमाम लहानथोरांस विदित व्हावे म्हणोन हे वर्तमान लिहिले जाते, की खाडीकाठच्या एका शहरी होडीच्या तळाखाली जे रणकंदन जाहले, त्याचा मजकूर कोणी कमी सांगितला, कोणी वाढविला, आणि खाशांच्या मेहुण्यांनी तर आपली पाठ लाल का जाहली याची निरनिराळी कारणे निरनिराळ्या घरी दिली, सबब जे घडले तेच येथे नमूद केले आहे.

खासे म्हणजे दातांचे डॉक्टर. दरारा ऐसा की कसाही मातब्बर असामी त्यांच्या खुर्चीत बसला की आ करी आणि बोलणे विसरे. येईल त्यास ते फर्मावीत की सहा महिन्यांनी सफाई झालीच पाहिजे, हयगय कामाची नाही. परंतु खुद्द खाशांची शिडाची लहान होडी दोन वर्षे धक्क्यास बांधलेली पडली, आणि तिच्या तळास शेवाळाने छावणी केली, आणि शेवाळाच्या आश्रयाने बारीक शिंपल्यांनी ठाणी बसविली, आणि मग त्या शिंपल्यांनी आपले सगेसोयरे बोलाविले, आणि होता होता अवघा मुलूख गनिमाचे हाती गेला.

तेव्हां धक्क्याच्या मुकादमांचे फर्मान सुटले की, "डॉक्टर, रविवारच्या भरतीला होडी साफ होऊन पाण्यात दिसली नाही, तर ओढून आडबाजूला टाकीन. मग तिच्यात कोंबड्या पाळा."

हे वर्तमान खाशांनी जेवतांना बाईसाहेबांचे कानी घातले. बाईसाहेब शिवणकामाच्या दुकानाच्या मालकीण, कापड आणि माणूस एका नजरेत मापणाऱ्या. त्यांनी ताटावरून नजर न उचलितां हुकूम केला की, "विकून टाका मग. नाहीतरी कोण बसतंय तिच्यात."

खाशांनी हातचा घास परत ताटांत ठेविला. पूर्वी दर रविवारी उभयतां होडी काढीत, बाईसाहेब सुकाणू धरीत आणि खासे शिडाची दोरी, आणि डावीकडे की उजवीकडे यावरून जातां-येतां भांडण होई, आणि घरी येतांना उभयतांस कडकडून भूक लागे. मग दवाखाना वाढला आणि रविवारही दाढांनी खाल्ला. आज बाईसाहेबांच्या बोलण्यांत राग असता तर खाशांस हायसे वाटते. राग नव्हता, हेच वाईट. खाशांनी त्याच क्षणी शनिवार-रविवारचे तमाम रोगी पुढील आठवड्यावर ढकलिले आणि मोहीम मुक्रर केली.

कुमकेस बाईसाहेबांचे धाकटे बंधू आले. हे मेहुणे कामावर हजर होण्यांत पहिले आणि दमण्यांतही पहिले. शनिवारी सकाळी होडी गाड्यावर चढवून काठावर काढिली, आणि मग पटाशा, तारेचे ब्रश आणि बादल्या घेऊन उभयतां तळाखाली शिरले. मेहुण्यांनी जो पहिला वार केला त्यांत पटाशी वाकली आणि शिंपला हसल्यासारखा जागीच राहिला. दुसऱ्या वारास शेवाळाचा लगदा थेट मेहुण्यांचे मिशीत.

"दाजी, हे सिमेंट आहे," मेहुण्यांनी कळविले.

"सिमेंट नाही, कीटण आहे. मला माहीत आहे ते," ऐसे बोलून खाशांनी दवाखान्यांतून आपल्या दात खरवडण्याच्या जुन्या आंकड्या आणविल्या, आणि कपाळी दिवा बांधून उताणे पडले, आणि एकेका शिंपल्याच्या बुडाशी आंकडी घालोन अलगद उपटूं लागले. हात चालूं लागतांच जीभही संवयीने चालली. "दुखलं तर हात वर करा," ते होडीस म्हणाले. मेहुण्यांस हसू आवरेना, त्यांचे डोके वर आपटले, आणि ते हंसतच बाहेर पडून सावलीस निजले.

दुपारी गनिमाचा पुरता मोड जाहला. तळ धुतला, वाळविला, पॉलिशपेपरने घासला, आणि शिंपले धरूं नयेत म्हणोन लाल रंग चढविला. रंग ओला आहे हे मेहुण्यांस ते टेकल्यावर समजले.

संध्याकाळी खाशांस शिडाची आठवण जाहली, आणि शीड तर फाटलेले होते आणि माळ्यावर कोंबलेले होते. ते लगबगीने घरी आले तों शीड बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेले, आणि मधोमध बाईसाहेब मशीनवर बसोन त्याची शिवण मारीत आहेत.

खासे दारांतच उभे राहिले. "विकायची म्हणाली होतीस ना?"

"फाटकं शीड कोण विकत घेतं? आणि दारात उभे राहू नका, ते टोक धरा, ताणून."

खाशांनी टोक धरिले. मशीन थांबल्यावर बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरलोच होतो," खासे म्हणाले. रात्रीच्या जेवणांत मात्र खाशांस आग्रह जाहला.

रविवारी भरती चढली. मुकादम कंबरेवर हात ठेवून पाहावयास उभे, आणि होडी उतारावरून पाण्यांत शिरली, आणि खासे व बाईसाहेब आंत बसले, आणि शीड वाऱ्याने भरले. खासे सुकाणूवर ऐटीत बसले, आणि किनारा जरा दूर जातो तोंच बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, माझ्या चपला तरंगताहेत."

घात ऐसा की, तळ धुतांना पाणी निघून जावे म्हणोन मागल्या भोकाचे बूच काढिले होते, आणि ते मेहुण्यांचे हवाली केले होते, आणि मेहुणे आतां धक्क्यावर तेच बूच उंच धरोन नाचत होते. खाडी आंत येत चालली. खाशांची मति गुंग जाहली.

बाईसाहेबांनी शांतपणे फर्माविले, "दाढा भरता ना रोज? मग भरा."

खाशांनी तत्काळ गुडघ्यांवर बसोन भोकांत अंगठा घातला. पाणी थांबले. परंतु अंगठा काढावा तर खाडी आंत, न काढावा तर सुकाणू मोकळे, ऐसा बाका प्रसंग. तेव्हां बाईसाहेब उठल्या, ओच्याचे पाणी पिळिले, सुकाणूवर बसल्या, आणि एका हाती सुकाणू, दुसऱ्या हाती दोरी घेतली.

"मागे फिरायचं ना?" खाशांनी खालून अर्ज केला.

बाईसाहेबांनी धक्क्याकडे पाहिले, मग खाडीच्या मोकळ्या तोंडाकडे पाहिले. "अंगठा दुखतोय का?"

"नाही तसा."

"मग डावीकडून एक चक्कर मारू."

डावीकडे वारा पडतो हे खाशांचे पुराणे मत होते. ते त्यांनी गिळिले, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

येणेप्रमाणे गनीम खरवडला, फर्मान मोडले नाही, होडी बुडाली नाही, आणि खासे पाण्यांत बसून, अंगठा भोकांत ठेवून, सूर्य मावळेतो बाईसाहेबांकडे पाहात राहिले. फत्ते बाईसाहेबांची जाहली, आणि खाशांनी ती आपलीही मानली.