दोन निरिच्छ साक्षीदार पाहिजेत

मी, चंद्रहास, वय एकाहत्तर, राहणार वटार, पूर्ण शुद्धीत असून, कोणाच्याही दबावाखाली नसून आणि आत्ताच दोन वाट्या भात जेवून हे लिहीत आहे. भाताची नोंद कायद्याला आवश्यक नाही. परंतु पहिल्या दोन गोष्टी हल्ली गावात कोणाला पटत नाहीत, म्हणून पुराव्यादाखल ती केली आहे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या समाजमंदिरात वारसा नियोजनाचं मोफत शिबिर झालं. संपदा मॅडम नावाच्या वकीलबाईंनी भिंतीवर तक्ता लावला. विशीतल्यांनी बँकेत आणि पीएफला नॉमिनी नेमावा, तिशी-चाळिशीतल्यांनी आपल्यामागे मुलांना कोण सांभाळणार ते ठरवून ठेवावं, पन्नाशीत मृत्युपत्र करावं. साठीपुढच्यांसाठी एकच शब्द होता, तोही लाल शाईत: 'आजच'. मी खरं तर बटाटेवडा खायला गेलो होतो. तो लाल शब्द वाचला आणि वडा तसाच बशीत ठेवला.

कारण तसंच होतं. माझी स्वकष्टार्जित बारा गुंठे वाडी, तिला पाणी पाजणारं बावखल, म्हणजे आमचं छोटं तळं, आणि त्याच्या काठावर माझी बायको जयवंती हिने पोरासारखा वाढवलेला मोगरा. आमचे चिरंजीव जितेश यांनी विरारला फ्लॅट घेतल्यापासून त्यांना मोकळी जमीन बघवत नाही. मी गेलो की बावखल बुजवून टॉवर आणि आईला आठव्या मजल्यावर वनबीएचके, असा त्यांचा आराखडा तयार आहे. जयवंतीला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.

तेव्हा मी एका पानात मृत्युपत्र केलं. सगळं जयवंतीला. मॅडम म्हणाल्या, छान, आता दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही घ्या. अट एकच, साक्षीदाराला त्यातून काहीही मिळणार नसावं.

इथेच सगळं बोंबललं.

पहिल्यांदा शेजारच्या क्लिफर्डला बोलावलं. चाळीस वर्षांचा शेजार. नाताळात त्याच्याकडून केक, दिवाळीत आमच्याकडून करंज्या. त्याने अट ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे चंदू, माझ्यासाठी तू काहीच ठेवलं नाहीस," तो म्हणाला.

आता त्याला काय ठेवणार, कपाळ? माझी शिडी चौदा वर्षं त्याच्याकडेच आहे. पण माणूस दुखावला होता. मी नवीन पान घेतलं आणि अनुसूची 'अ' काढून शिडी रीतसर त्याला दिली. तो गहिवरला, मला मिठी मारली आणि त्याच क्षणी साक्षीदार म्हणून अपात्र ठरला.

मग अर्नाळ्याहून मासळीची टोपली घेऊन येणारी जिजा. "तीस वर्सं तुमच्या दारात ताजा म्हावरा आनला," ती म्हणाली, "आनि मला काय, नुसती सही?" अनुसूची 'ब', पाटा-वरवंटा. जिजा अपात्र.

साक्षीला बोलावणं म्हणजे तुला ठेंगा, हे एव्हाना वटारभर झालं होतं. निम्मे लोक मला पाहून रस्ता बदलू लागले. उरलेले काय मागायचं ते ठरवूनच यायचे. आणि सांगतो, मॅडमचा तक्ता तंतोतंत खरा निघाला! विशीतल्यांना माझा वाय-फायचा पासवर्ड हवा होता, चाळिशीतल्यांना अंगणात गाडी लावायला जागा आणि साठीपुढच्यांना माझी आरामखुर्ची, तीही आजच. खुर्ची एक, म्हातारे नऊ. अनुसूची 'ढ' मध्ये वारांप्रमाणे बसायचं वेळापत्रक जोडावं लागलं. शनिवार-रविवारी दोन-दोन पाळ्या.

असं करत मृत्युपत्र सत्तेचाळीस पानांचं झालं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मागायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वेळापत्रक वाचलं आणि दाखल्याऐवजी गोळ्या लिहून दिल्या. शेवटी खुद्द संपदा मॅडमच सही करायला तयार झाल्या. पण त्यांना वाईट वाटेल या धास्तीने मी आधीच लोणच्याची बरणी त्यांच्या नावे करून बसलो होतो. हाताला सवय लागली होती, दुसरं काय!

या सगळ्यात रोज विरारहून येणारा जितेश फार गोड वागत होता. कोणाला दुखवू नका बाबा, म्हणायचा आणि येईल त्याला चहा द्यायचा. अर्ध्याअधिक लोकांना त्यानेच धाडलं होतं, हे मला क्लिफर्डने शिडीला स्मरून सांगितलं. साक्षीदारांच्या सहीशिवाय मृत्युपत्र म्हणजे रद्दी आणि मग वाडीत मुलाचाही वाटा, हे शिबिरात जितेशही ऐकत होता. गेल्या मंगळवारी बावखलाच्या काठावर दोन माणसं मोजमापाची फीत धरून उभी होती.

त्या दुपारी जयवंतीने सत्तेचाळीस पानं हातात घेतली.

"ह्यात मी कुठल्या पानावर आहे?" तिने विचारलं.

पहिल्याच पानावर होती. त्या पानावर लोकांनी कप ठेवून ठेवून तिचं नाव चहात बुडवलं होतं. ती उठली आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तडक विरार गाठलं. टपरीवर चहा पिणारा, ओळख ना पाळख असा एक गृहस्थ पकडला. त्याने पेन घेतलं, म्हणाला नुसतं चाळतो. चाळता चाळता त्याचा चेहरा उतरला.

"क्लिफर्डला शिडी," तो म्हणाला. "आणि मी इथे चहा थंड करून सही करायची, ती कशासाठी?"

म्हणून आता तुमच्याकडे आलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, वटारमध्ये तुमचं कोणी नाही. ती सत्तेचाळीस पानं मी फाडून बंबात घातली. नवीन एकच पान आहे, सगळं जयवंतीला. तुम्हाला त्यात काहीही नाही. शिडी नाही, पासवर्ड नाही, खुर्चीत एक पाळीसुद्धा नाही. यायचं, सही करायची, जायचं. फीतवाले परवा पुन्हा येणार आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

काय झालं? आत्तापर्यंत तर आमच्या गावाला हसत होतात.

बरं, राहू दे. लोणच्याची बरणी पुन्हा मोकळी झाली आहे. नाव सांगा, पूर्ण.