नई जिंदगीच्या एकाहत्तर अंशांची फत्ते

ज्याचा अंमल सोलापुरावर आठ महिने बिनतक्रार चालतो, त्या उन्हाळ्यास मुजरा करून ही हकिकत कलमबंद केली. यात पदरचे काही घातले नाही. थोडे घातले असेल ते शोभेपुरते, त्याबद्दल कोणी हुज्जत घालू नये.

शहर सोलापूर, वस्ती नई जिंदगी, तेथे राजमान्य नबीसाब टेम्पोवाले यांचे घर. त्यांचे चिरंजीव तौसिफखान, उमर तेवीस, यांनी गतसाली एकेक भाग जमवून, कोठे नवा कोठे जुना, स्वहस्ते एक संगणक उभारिला आणि बाहेरच्या खोलीत फ्रिजशेजारी तख्तनशीन केला. त्याच्या पोटातील प्रोसेसर हाच राज्याचा खासा. तो काम करू लागला की तापतो, आणि तापला की माथ्यावरील पंख्याने त्यास थंड करावे, आणि न केल्यास खासा रुसून सारे यंत्र बंद पाडतो, ऐसा या राज्याचा कारभार.

ऐसे संगणक जुळविणारे शहरात बहुत. त्यांचा व्हॉट्सॲपवर एक दरबार, नाव 'थंड डोकं मंडळ', आणि तेथे रोज आपापल्या प्रोसेसरचे तापमान जाहीर करण्याचा शिरस्ता. जगात दुसरे उद्योग नाहीत की काय, ऐसे कोणी पुसेल. नव्हते, काय करता! दरबारी पहिला मान सिद्धराम यांचा. हे मूळचे अक्कलकोटकडील, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात संगणकखात्यावर नोकर, आणि तौसिफखानांचे शाळेतील बाकसोबती. त्यांचा आकडा भर कामातही अडुसष्टावरून हलत नसे. तौसिफखानांचा भर कामात पंचाण्णव. परंतु ते कबूल करणे म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणे. मग खान फजरच्या वेळी उठत, आणि यंत्र बिनकामाचे बसले असता त्याचा ताप मोजीत, आणि 'अठ्ठेचाळीस' ऐसे दरबारी धाडून देत, आणि पुन्हा निजत.

हे ऐसेच चालते, परंतु वैशाखात थोरल्या भगिनी शाइस्ताबी यांचा निकाह माळशिरसच्या घराण्यात जाहला. तेव्हा तौसिफखानांनी छातीवर हात ठेवून अर्ज केला की, स्टुडिओवाल्यास सांगू नये, फिल्म घरचीच होईल. नबीसाबांचा त्या यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता. हे धूड नसते तर चार पाहुणे जास्त बसते, ऐसे त्यांचे मत. तरी पुत्राचे मन मोडवेना, मग त्यांनी व्याह्यांस शब्द दिला की, रविवारी जेवणास यावे, पाच वाजता फिल्म दाखवू. शब्द बापाचा आणि यंत्र पोराचे. लेकीच्या सासरी तो शब्द पडता तर नबीसाब मान वर करू न शकते, आणि तौसिफखानांस स्वतःच्या घरात पुन्हा कोणी साधा बल्ब बदलावयास न सांगते.

रविवारी सकाळी नऊ वाजता मोहीम निघाली. सारी चित्रे जुळवून अखंड फिल्म काढावयास यंत्रास तीन तास लागणार होते. खानांनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबिले आणि प्रोसेसर तापू लागला, ऐंशी जाहला, नव्वद जाहला, आणि फिल्म निम्मी होण्याआधी शंभरास पोहोचून यंत्राने डोळे मिटले. सारी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

मग खानांनी यंत्राच्या बाजूची काच उतरविली आणि टेबलफॅन भिडविला. बाहेर त्रेचाळीस अंश. पंख्याने तीच लू उचलून प्रोसेसरच्या तोंडावर मारिली. यंत्र पुन्हा निजले. मग नबीसाबांच्या पलंगाजवळचा कूलर ओढून आणिला आणि त्यात सहा घागरी पाणी ओतिले, तेणेकरून खोलीस दमट कळा आली, नबीसाबांची झोपमोड जाहली, आणि प्रोसेसर ढिम्म. मग मातुःश्री इमामबी यांनी पाहुण्यांच्या सरबतासाठी राखलेला बर्फ परातीत घालून पुढे मांडिला. बर्फ वितळला, सरबत बुडाले, आणि यंत्र चौथ्यांदा पडले. घड्याळात सव्वा वाजला होता. दोनच्या आत निघाले नाही तर पाच गाठणे नाही.

नबीसाब दारात उभे राहून एवढेच बोलिले की, "व्हत नसंल तर आत्ताच सांग. मी माळशिरसला फोन करतो."

ते रागे भरते तर बरे होते. शांत बोलिले, ते खानांच्या काळजास लागले. एकच इलाज उरला होता आणि तो विषाहून कडू. सिद्धरामांस बोलाविणे म्हणजे यंत्र उघडणे, आणि यंत्र उघडणे म्हणजे अठ्ठेचाळिसाचे पितळ उघडे पडणे. तौसिफखान मोरीत गेले, तोंडावर पाणी मारिले, आरशात स्वतःस दोन शिव्या दिल्या, आणि बाहेर येऊन संदेश धाडिला. उलट टपाली जबाब आला की, "आलो बे. तू कशाला हात लावू नको."

सिद्धराम भर उन्हात, तोंडास उपरणे बांधून, मोटारसायकलवर दौडत पावणेदोन वाजता दाखल जाहले. इमामबींनी दिलेला पाण्याचा तांब्या एका दमात रिता केला आणि तहाचे कलम मांडिले: दरबारी आधी खरा आकडा जाहीर करावा, मगच स्क्रू फिरेल.

"आत्ता?" तौसिफखान पुसते जाहले. "पाहुणे यायलेत, अन् तुला हे सुचायलंय?"

"सहा महिनं तुझ्या अठ्ठेचाळीसपायी माझं डोकं फिरलं, बे. मी दोन पंखे बदलले की."

खानांनी अंगठ्याने लिहिले की, भर कामात पंचाण्णव, रोज. अठ्ठेचाळीस पहाटेचा होता. तत्काळ एक्केचाळीस सरदारांनी हसणारी तोंडे धाडिली, आणि फोन वाजत वाजत गादीवर फिरू लागला, आणि खानांनी तो उशीखाली दाबिला.

मग सिद्धरामांनी प्रोसेसरच्या माथ्यावरील पंखा, त्याच्या धातूच्या जड बैठकीसह, उचलिला. बैठक उलटी करून पाहिली, उजेडाकडे नेऊन पाहिली. धातू आणि प्रोसेसर यांच्या दरम्यान, वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट माखलेला, कारखान्यातून आलेला पारदर्शक कागद जसाच्या तसा होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की, लावण्यापूर्वी काढावा.

"हे काय बे?"

"प्लास्टिक हाय."

"दिसतंय की. काढलं का न्हाईस?"

"नवीन व्हतं," तौसिफखान म्हणाले. "खराब झालं असतं."

आता येथे सांगणे भाग की, खान विसरले नव्हते. त्या घरात नव्या वस्तूचे प्लास्टिक काढण्याची चालच नव्हती. फ्रिजच्या दारावर सात वर्षांचा कागद होता, टीव्हीचा रिमोट पिशवीत राहूनच म्हातारा जाहला होता, गाद्यांवर बसले की चुर्र वाजे, आणि टेम्पोच्या सीटांचे कव्हर नबीसाब स्वतः ओल्या फडक्याने पुशीत. ऐशा घरी वाढलेल्या मुलाने नवा कोरा चकचकीत धातू उघडा टाकावा तरी कसा! सिद्धरामांनी कागदाचे टोक नखाने धरिले, तोच इमामबी कळवळून पुढे जाहल्या की, "निकालू नको रे बाबा, नवा है."

"चाची, याच्यानंच तर मरायलंय ते," सिद्धराम म्हणाले, आणि कागद फर्रकन ओढिला. मग खिशातील नळीतून वाटाण्याएवढी पेस्ट घातली, पंखा बसविला, आणि स्क्रू आवळता आवळता खाली मान घालून हळूच म्हणाले की, "हे ग्रुपवर न्हाय सांगत मी." दरबारास ती गोष्ट अद्यापि ठाऊक नाही.

दोनास तीन मिनिटे असता यंत्र पाचव्यांदा निघाले. साठ, पासष्ट, सत्तर, आणि एकाहत्तर. तेथेच आकडा खिळला. तौसिफखान तीन तास त्याकडे टक लावून बसले, आणि जेवणास उठले नाहीत, आणि कोणी दार जोराने लोटले तरी दचकत. पाचास तीन मिनिटे असता फिल्म पुरी जाहली आणि गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला.

शाइस्ताबी आणि जावई अझरुद्दीन पुढे, मागे नऊ पाहुणे. सरबत कोमट, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. छताचा पंखा, टेबलफॅन, कूलर आणि यंत्राचे चार पंखे एकदम घोंघावत होते आणि फिल्म चालू होती. लोक आपापली तोंडे शोधून खूश होत होते. मग बिदाईचा प्रसंग आला. पडद्यावर शाइस्ताबींनी गाडीच्या काचेतून हात काढून नबीसाबांचा हात धरिला आणि काही बोलल्या. त्या दिवशी बँडबाजात ते नबीसाबांस ऐकू आले नव्हते, आणि आज पंख्यांत येईना.

नबीसाब फर्माविते जाहले की, "मागं घे. अन् हे सगळे पंखे बंद कर."

तौसिफखानांनी टेबलफॅन बंद केला, कूलर बंद केला, छताचा बंद केला, आणि शेवटी यंत्राचे पंखे, ज्यांच्यासाठी सहा महिने जीव पाखडला होता, तेही एकेक करून थांबविले. खोलीत वाऱ्याचा लवलेश राहिला नाही. फिल्म मागे नेली. तेव्हा स्वच्छ ऐकू आले की, "अब्बा, टेम्पो हळू चालवा. आता टोकायला मी नसणार."

नबीसाबांनी उपरण्याने तोंड पुशिले; घाम होता म्हणावे तर घाम. मग ते म्हणाले की, "अजून एकदा लाव." ऐसे चार वेळा लाविले, आणि खोलीतील सारी माणसे भिजून चिंब जाहली, आणि एकही उठला नाही.

येणेप्रमाणे नई जिंदगीची मोहीम फत्ते जाहली, ती तारीखवार दप्तरी नोंदविली. भर कामातील तापमान एकाहत्तर, साक्ष सिद्धराम. पंखे बंद असता प्रोसेसर कोठवर चढला त्याची नोंद नाही. आकडा पाहणे तौसिफखानांकडे होते, आणि ते त्या वेळी अब्बांकडे पाहत होते.