शेवंतीआतेचे पाहुणे

दर महिन्याला खात्यात सरकारचे पैसे येतात, त्याचं या बायका करतात तरी काय, हा प्रश्न तुम्हीही कधीतरी चहाचा घोट घेत विचारला आहे ना? मग ऐका. कोणी गुडघ्याचं औषध आणते, कोणी मुलीचा एसटीचा पास काढते, कोणी शेजारणीकडे हात न पसरता महिना काढते. आमच्या वाडीतली शेवंतीआते मात्र त्या पैशांतून साखर, दूध आणि चहापूड आणते आणि रस्त्यावरची माणसं पकडते.

पकडते म्हणजे अक्षरशः. कट्टा गावाहून येणारा रस्ता तिच्या खळ्यासमोर, म्हणजे अंगणासमोर वळतो. तिथे गाड्या हळू होतात आणि दगडी कुंपणाच्या गडग्याआडून आते हात करते. "वायच टेक," हे तिचं पालुपद. जरा बस, एवढाच त्याचा अर्थ. पण गाडी थांबली की ती चावी काढून कमरेला खोचते आणि चहा संपेपर्यंत परत देत नाही. वायरमन सापडले, गॅसवाले सापडले. एकदा तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तिच्या खळ्यात बशीतून चहा फुंकत बसला होता आणि मुहूर्त कुडाळला होता.

तिचं लग्न झालं नाही. ती भावाच्या घरी राहिली, म्हणून सगळ्या वाडीची आते. भावाच्या घराला लागून मांगर आहे. पूर्वी त्यात गवत आणि लाकडं असायची, आता आते असते. मांगरासमोरचं खळं ती इतकं गुळगुळीत सारवते की दुपारी माडांच्या सावल्या त्यावर पाण्यासारख्या हलतात. तिथे बसलं की आपण होडीत बसलोय आणि होडी कुणीतरी हळूच सोडून दिली आहे, असं वाटायला लागतं. घाईत आलेला माणूसही दोन घोटांत सैल होतो.

आणि मग आते विचारते, "रात्री सपान काय पडला?"

गाव, जात, पगार यांतलं काही ती विचारत नाही. लोक आधी हसतात, मग सांगतात. वायरमनने सांगितलं की तो तारेवरून चालत समुद्रापार गेला आणि पलीकडेही लाईट गेलेलीच होती. आते ही स्वप्नं जपून ठेवते आणि पुढच्या पाहुण्याला ऐकवते, जणू शेजारगावच्या बातम्या.

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार तिच्या तावडीत सापडले. चहा सरकारी पैशांतला आहे हे कळल्यावर ते खुलले आणि सोबतच्यांना म्हणाले, म्हणजे हा आमचाच चहा की. आतेनं त्यांच्या हातातला कप शांतपणे काढून घेतला. "मगे तुमी घरधनी झालास," ती म्हणाली. "माका पावणो होयो." तिला हवा होता पाहुणा, मालक नव्हे.

मालवणचा किल्ला बघायला निघालेला एक पर्यटक बशीखाली नोट ठेवून गेला. ती नोट पदराला बांधून आते एसटीने थेट मालवणला गेली आणि बंदरावर होड्यांच्या रांगेत तिनं त्याला गाठलं. त्या बिचाऱ्याला वाटलं नोट कमी पडली, म्हणून त्याने आणखी एक काढली. त्यानंतर आतेनं त्याला जे ऐकवलं, ते ऐकायला होडीवाल्यांनी होड्या थांबवल्या म्हणतात.

बचत गटाच्या ताईंनी तिला टपरी टाकायला सुचवलं. आते म्हणाली, पैसे घेतले की ते गिऱ्हाईक, मग त्याला स्वप्न कसं विचारायचं?

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. मीही एक लिहिलं होतं, 'मदत नको, हाताला काम द्या'. आतेला ते तावातावाने वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "कामाचो तोटो माका कधी होतो गो?" मी घरी जाऊन मथळा बदलला.

यंदा उन्हाळ्यात तिचे पैसे थांबले. पुन्हा एकदा ओळख पटवा, असा निरोप आला. आम्ही दोघी कट्ट्याच्या केंद्रावर गेलो. यंत्रावर तिच्या बोटांचे ठसेच उमटेनात. जन्मभर राखेनं भांडी घासून रेषा पुसल्या गेल्या होत्या. बोटं धुतली, पुसली, पुन्हा दाबली. नंतर या, म्हणाले. ही भीक नाही, हक्क आहे, असं मी तिथे चढ्या आवाजात सांगत होते, तेवढ्यात आते त्या यंत्रवाल्यालाच, वाडीत चहाला कधी येतोस, असं विचारून मोकळी झाली.

आम्ही पुन्हा गेलो. ठसे उमटले नाहीत. मग एक दिवस वळणावर कुणी हात केला नाही.

गाडीचा आवाज आला की आते आत जायची. मी स्कूटी थांबवली, चावी माझ्याच हातात राहिली. ती उंबऱ्यावर बसली होती. दुपार नेहमीसारखीच सुस्त होती, सावल्या हलत होत्या. मी म्हटलं, दुकानातून साखर घेऊन येते. "तू हाडलंस तर ती तुझी चाय," ती म्हणाली. शेजारी भावाच्या बायकोच्या, वैनीच्या स्वयंपाकघरात साखर होती. वैनी वाईट नाही, तिनं हाकही मारली होती. आते उठली नाही.

उंबऱ्यावरची धूळ हाताने झाडत ती म्हणाली, "भावाकडे येणाऱ्या सगळ्यांक चाय मीच केलंय. आतसून. कप ठेवताना लोक म्हणत, वैनीच्या हाताक चव आसा."

मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "हल्ली लोक माझ्याकडे इले. माझ्याकडे." दुसऱ्यांदा तो शब्द इतका हळू आला की तो झावळ्यांनीच म्हटला असं वाटलं.

मी पाणी मागितलं. तिनं तांब्या घासला, भरला, आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली.

केंद्रावरचं भांडण मी सोडलेलं नाही, ते माझं मी बघेन. तुम्ही एवढं करा. कट्ट्याहून या बाजूला आलात तर वळणावर स्वतःहून गाडी थांबवा. साखरेचा पुडा आणू नका, खिशात हात घालू नका. शेवंतीआते घरी आहे का, असं तिचं नाव घेऊन मोठ्याने विचारा, शेजारच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि ती जे देईल ते, नुसतं पाणी असलं तरी, तिच्या खळ्यात बसून प्या.