तात्यांची ठेंगणी दुर्बीण

काटेवाडीचे आमचे तात्या सहा फुटी माणूस. पण शनी बघायचा म्हटलं की कणगीखाली अंडं शोधल्यासारखे कमरेत वाकतात. गच्चीवरच्या त्यांच्या दुर्बिणीचे तीन पाय अगदी खाली सरकवून ठेवलेत. वर घ्यायला स्क्रू आहेत, पण तात्या त्यांना हात लावत नाहीत. मग दिवसभर कमरेला पट्टा बांधून फिरतात.

मी त्यांच्या गोठ्यावर धारा काढते. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागं गोंदियाकडून इथं आले. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. गोठ्याशेजारची खोली तात्यांनी दिली, गॅसही दिला. तरी ही खोली जाईल की काय, अशी धास्ती मला उगीचच असते.

आले त्या दिवशी मला घराची आठवण येऊन रडू फुटलं. तात्या म्हणाले, "गोंदिया व्हय? नेपच्यूनपेक्षा जवळच हाय की!"

हे ते सगळ्यालाच म्हणतात. बारामतीचा दवाखाना, इंदापूरचा बाजार, सगळं नेपच्यूनपेक्षा जवळ. रिक्षावाल्यानं भाडं जास्त सांगितलं तर त्यालाही हेच ऐकावं लागतं.

गुरूचे चार मोठे चंद्र म्हणून गायीही चार: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. आयोनं एकदा मला बादलीसकट उडवलं. तात्यांनी मला उठवलं, पण बाजू तिचीच घेतली. "खऱ्या आयोवर ज्वालामुखी हायत, पोरी. आतनं सारखी उकळती. हिचा काय दोष?" आता डेअरीवरसुद्धा "गॅनिमीड व्याली का?" असं विचारतात.

गावानं चंद्र चालवून घेतले. शनी मात्र नाही. आपण त्याला बघितलं की तोही आपल्याला बघतो आणि मग सुटका नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच. तात्या येईल त्याला "चला वर, कडी बघा" म्हणायचे. लोक चहा पिऊन खालूनच जायचे.

एका शनिवारी शेजारच्या रखमाआत्या आपणहून गच्चीवर आल्या. तात्या हरखले. खुर्ची आणायला वळले, तेवढ्यात आत्यांनी दुर्बिणीच्या नळीला रुईच्या पानांची माळ घातली आणि वाटीभर तेल ओतलं.

"अवो आत्या, दुर्बीण हाय ती, देऊळ न्हाय!"

"व्हय, पण त्यो हितनंच दिसतो न्हवं? मग हितनंच पोचंल."

आत्या नमस्कार करून गेल्या. तात्या कितीतरी वेळ मऊ फडक्यानं काच पुसत बसले. मग म्हणाले, "उद्या हिला पोत्यात बांधून माळ्यावर टाकतो. कुणी बघायचंच न्हाय, तर कशाला?"

मी जिन्यात उभी होते. साडेसाती लागली, खोली गेली, तर? पण तात्यांचं तोंड बघवेना.

"मले भेव लागते जी, तात्या. पण बघते."

मी पुढं झाले. वाकावं लागलं नाही, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. डोळा बरोबर काचेला लागला. काळ्याभोर अंधारात एवढीशी बाळी घातलेला दाणा. नजर वाईट असेल असं काही वाटेना.

"एकटाच आहे जी."

"एकटा कुठला? शेजारी ठिपका हाय बघ. टायटन. त्याचा चंद्र."

होता खरंच. मी म्हटलं, "उंची कशी बरोबर झाली!"

"तुज्या काकीच्या मापाची हाय," तात्या कठड्याकडं बघत म्हणाले. "तिच्यासाठीच आणली. तीबी भ्यायची. म्हणायची, उद्या बघीन. पाच वर्सं झाली तिला जाऊन."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण जागेवरच होती. तात्या वाकून वाकून विव्हळत होते. मी म्हटलं, "आता तरी पाय वर घ्या जी."

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "आता तू बघतीस न्हवं."