मावळतीकडचा कर्णा

आमच्या तलवाड्यात लग्न कुणाचंही असो, बाजीराव अण्णा लिंबावर लाउडस्पीकरचे दोन कर्णे बांधायचे. एकाचं तोंड मंडपाकडं. दुसऱ्याचं मावळतीकडं, जिथं बाभळी, एक पडकी विहीर आणि फार तर कुणाची चुकलेली शेळी. वऱ्हाडातला नवखा माणूस हटकून विचारायचा, "अण्णा, तिकडं कोण ऐकतंय?" अण्णा झाडावरूनच ओरडायचे, "तुला काय करायचंय बे? तुझ्याकडं एक हाय ना?"

त्या कर्ण्यांची ताकद काय सांगावी! तलवाड्यात मंगलाष्टकं लागली की तालुक्याला, गेवराईत अक्षता पडायच्या. एकदा तर गोदावरीतली मासळी उलटी पोहायला लागली होती. मी पाहिली नाही, पण सांगणारा मीच असल्यामुळं विश्वास ठेवायला हरकत नाही.

अण्णांचा स्वतःचा गळा मात्र देवानं घाईत बसवलेला. माईक तपासताना एकदा दोन ओळी गुणगुणले, तर मारुतीच्या पुजाऱ्यानं गाभाऱ्याचं दार लावून घेतलं. पण दुनियेतल्या झाडून साऱ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना नंबर द्यायचा हक्क अण्णांचा. आणि त्यांचे नंबर सुरू व्हायचे दोनपासून. पहिला कोण विचारलं की ठरलेलं उत्तर, "एक नंबर बाहेरगावी गेलाय."

मागच्या दिवाळीत वेशीवरच्या हॉटेलात मी त्यांना मोबाइलवर एक यादी दाखवली. जगातले आजवरचे सर्वांत थोर गाणारे-वाजवणारे, ओळीनं.

"वाच," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले.

मी वाचत गेलो. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, जसा काही जमिनीचा निकाल लागतोय. मध्येच डोळे उघडले.

"हे तर सगळे गळेच हायेत. हात कुठं गेले? ढोलकीवाला कितवा हाय?"

"ढोलकीवाला न्हाई, अण्णा."

"हलगीवाला?"

"त्योबी न्हाई."

"ही यादी करणारे तलवाड्याला कवा आलते?"

"ते कावून येतील इथं?"

"गेवराईपर्यंत तरी?"

"न्हाई."

"म्हंजे न ऐकताच नंबर दिले! तलाठ्यानं घरी बसून पिकं लिवली तर गावभर बोंबलता. आन् हे चालतं व्हय?"

हॉटेलवाला हसला. "मग तुमचा एक नंबर सांगून टाका की एकदाचा."

"बाहेरगावी गेलाय," म्हणून अण्णा उठले. बशीतला चहा तसाच. आता हे ध्यानात घ्या, याच हॉटेलावर वीज पडली तेव्हा अण्णांनी आधी बशी संपवली होती आणि मग पळाले होते. मी मागं निघालो.

"किसनच ना?" मी वाटेत विचारलं.

अण्णांनी होकाराची मान डोलावली.

किसन ढोलकीवाला मी लहानपणी ऐकलाय. त्यानं थाप मारली की नवरदेवाचं घोडं मंडपात शिरायचं सोडून नाचत नाचत परत वेशीवर जायचं आणि लग्न दुपारचं संध्याकाळी लागायचं.

"मी कर्णे आणले," अण्णा म्हणाले, "तर लोक म्हणले, आता कॅसेट हाय, ढोलकी कशाला? मीबी हसलो. दोनेक वर्सात त्याला कुनी बोलवंना झालं. मग कोयता घेऊन गेला मावळतीच्या साखर कारखान्यावर, ऊसतोडीला. तिकडंच खोपट घातलं. आला न्हाई."

"पण तुमच्याकडं टेपचं मशीन होतं की. त्याचं एखादं..."

"सगळ्यांचं केलं. पुढाऱ्याचं भाषण केलं. हौस म्हणून कोंबड्याचं आरवनं केलं. किसन काय, रोज माझ्या पारावर बसल्याला. घरच्या मानसाचं रेकॉर्डिंग कोन करतं बे?"

यादीवाले तलवाड्याला आले असते, तरी त्यांना ऐकवायला अण्णांकडं काहीच नव्हतं.

"फोन लावा की त्याला."

"काय बोलू? ज्याच्या कर्ण्यानं ढोलकी खाल्ली, त्यानंच 'कसा हायेस' इचारायचं?" मग चालता चालता ते म्हणाले, "लग्नाचं वाजाय लागलं की बसल्याजागी त्याची बोटं हलायची. तेवढी हलली तरी लई झालं."

गेवराईच्या अक्षतांची गोष्ट गावभर करणारा मीच. पण अण्णांच्या कर्ण्याचा आवाज शिवेपलीकडं जात नाही, हे मलाही ठाऊक आहे.

यंदा थंडीत माझ्या पोरीचं लग्न झालं. पोरांनी डीजे ठरवला होता. कर्ण्यांनी ढोलकीचं जे केलं, तेच डीजेनं कर्ण्यांचं केलंय. अण्णांचे कर्णे गोठ्यात कडब्याखाली पडलेले. मी ते काढून आणले. अण्णांचे गुडघे आता झाड चढू देत नाहीत, म्हणून मीच लिंबावर चढलो. फांदी मोडली नाही ही लिंबाची कृपा.

पहिला कर्णा मंडपाकडं बांधला. दुसरा घेतला आणि काही न विचारता मावळतीकडं फिरवून तार आवळली.

खाली अण्णा बुंध्याला धरून, कपाळावर हाताची सावली करून वर बघत होते.

"जरा डावीकडं घे बे."

"कावून?"

"औंदा त्यानं कारखाना बदललाय."