सासऱ्यांचे दात आणि माझा बंदोबस्त

माझ्या मोटारसायकलची बॅग चोरून दाखवेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! हे मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, दातांच्या दोन डॉक्टरांना तर त्यांच्या दवाखान्यात जाऊन सांगितलं. आणि मी जे म्हणत होतो ते शब्दशः खरं ठरलं, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं, मी दात तयार करतो आणि गाडीवरून दवाखान्यांत पोचवतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना बॅगा आणि बॅगांमध्ये डब्या. सिग्नलला माझ्या शेजारी थांबलेल्या माणसाला कल्पनाही नसते, की या गृहस्थाच्या मांडीखाली सहा जणांचं जेवण अडकून पडलंय.

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं शिकवलं आणि त्यांचा आवाज शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत सहज पोचायचा. दात गेले आणि त्यांनी ठरवलं, की बिनदातांचं तोंड कुणासमोर उघडायचं नाही. ठरवलं म्हणजे तसं चिठ्ठीवर लिहून सासूबाईंना दिलं. तेव्हापासून घरातला सगळा कारभार चिठ्ठ्यांवर, तोही लाल पेनने. ‘मीठ कमी.’ ‘पंखा बंद.’ माझ्या वाट्याला एकच चिठ्ठी यायची, दर रविवारी: ‘दात कधी?’

मी ते दात जीव ओतून केले, खरंच. पूर्ण कवळीत अठ्ठावीस दात असतात. अक्कलदाढा आम्ही देत नाही, ती सोय ज्याची त्याने पाहावी. प्रत्येक दात त्यांचा जुना फोटो समोर ठेवून लावला, पुढच्या दोन दातांमधली बारीक फटसुद्धा सोडली. डबी बॅगेत घातली, बॅग दोरीने गाडीला बांधली आणि सासरी निघालो. पोचलो तेव्हा दोरी होती. बॅग नव्हती.

तो रस्ता मी तीनदा पालथा घातला. वाटेत पडलेली बॅग कुणीतरी उचलून नेली होती. त्याने घरी जाऊन मोठ्या आशेने डबी उघडली असेल तेव्हा त्याचं तोंड कसं झालं असेल, हा विचार मला नंतर बरेच दिवस पुरला. त्या दिवशी मात्र मला हसू येत नव्हतं. सासऱ्यांनी चिठ्ठी दिली, ‘हरकत नाही.’ खाली लाल पेनने दोन रेघा ओढल्या होत्या. त्यापेक्षा त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं तरी चाललं असतं.

त्यातून त्यांच्या जुन्या शाळेत नव्या वाचनालयाचं उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मुख्य भाषण त्यांचं होतं. नऊ पानं त्यांनी लिहून काढली होती, कुणालाही दाखवत नव्हते. दात मिळाले तर भाषण, नाहीतर घरी बसणार, असं सासूबाईंनी मला फोनवर हळूच सांगितलं. मी दुसरी कवळी करायला घेतली.

बायको म्हणाली, “या वेळी डबी खिशात घालून न्या.”

खिशात! पंधरा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने दात खिशात घालून हिंडायचं? मी तिला म्हटलं, तू बघच आता.

नव्या जाड चामड्याच्या बॅगा आणल्या. दोरीबिरी काही नाही, थेट गाडीच्या सांगाड्याला भोकं पाडून नटबोल्टने आवळल्या. चोर ब्लेडने चामडं कापतात असं ऐकलं होतं, म्हणून आतून पत्रा लावला. पत्रा तळापर्यंत पुरला नाही, पण खाली वाकून कोण बघतंय! झाकणाला कडी आणि कडीला कुलूप. दुकानदार म्हणाला, या कुलपापुढे करवतसुद्धा हात टेकते. आयुष्यात एकदाच तो माणूस खरं बोलला आणि ते नेमकं माझ्याशी.

शेवटची युक्ती माझी स्वतःची. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या असतात, ती पावडर पाण्यासारख्या एका औषधात कालवायची, दहा मिनिटांत दगड होतो. तो मी सगळ्या नटांवर थापला. आता पान्याला पकडायला कोपराच उरला नाही. गाडीला हिरड्या फुटल्यासारख्या दिसत होत्या, पण मला ती फार देखणी वाटली. सुरुवातीची ती फुशारकी मी याच बॅगेबद्दल मारत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी डाव्या बॅगेत दातांची डबी, माझा जेवणाचा डबा आणि रेनकोट ठेवला, कुलूप लावलं. निघणार तेवढ्यात दिसलं, की झाकणाच्या कडीचा एक नट उघडाच राहिलाय. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. थोडा मसाला कालवला, नटावर ओतला आणि हात धुवायला आत गेलो. गाडी साइड स्टँडवर होती. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते हे मी विसरलो. मसाला विसरला नाही.

सासरी पोचलो. सासरे कोट घालून, नऊ पानं छातीशी धरून पायरीवरच बसले होते. मी ऐटीत किल्ली काढली आणि कुलपाला लावली. किल्ली आत जाईना. कुलपाचं भोक गुलाबी होऊन काठोकाठ भरलं होतं.

पुढचा पाऊण तास मला आठवावासा वाटत नाही. मी पिनेने टोकरलं, स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं. बोल्ट काढावेत तर त्यांच्यावर माझंच कौशल्य थापलेलं. सासूबाई बिचाऱ्या धावत आत गेल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत उकळत्या पाण्याची अख्खी किटली त्यांनी कुलपावर ओतली. त्यांना कोण सांगणार, की हा मसाला पक्का करायचा असला की आम्हीसुद्धा तो गरम पाण्यातच घालतो.

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, चिठ्ठी लिहिली. ‘शाळेत वर्कशॉप आहे. चला.’

असे आम्ही निघालो. मागच्या सीटवर माजी मुख्याध्यापक, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांच्या डाव्या पायाशी वीतभर अंतरावर त्यांचे दात. इतक्या जवळून हुलकावणी देणारे दात मी माझ्या धंद्यात पाहिलेले नाहीत.

वर्कशॉपचे शिक्षक सासऱ्यांचेच जुने विद्यार्थी निघाले. सरांसाठी जीव द्यायला तयार होते, पण कुलूप उघडायला जीवाचा काही उपयोग नव्हता. दोन करवतींची पाती तुटली. ते म्हणाले, ग्राइंडरने पत्रा कापू. मी म्हटलं, आत सगळं तापेल आणि दातांची गोळी होईल. मग त्यांनी करवत खाली ठेवली आणि ते कौतुकाने म्हणाले, “काम मात्र पक्कं केलंय हो तुम्ही.”

तेवढ्यात हल्लीच्या मुख्याध्यापिका बोलवायला आल्या. सभागृह भरलं होतं. सासऱ्यांनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता हे घरी जायला निघणार. तीन महिने माणूस गप्प बसला होता तो या एका सकाळसाठी आणि ती सकाळ मी स्वतःच्या हाताने कुलूपबंद करून टाकली होती. त्यांनी नऊ पानं माझ्या हातात दिली. वर चिठ्ठी होती: ‘तुम्ही वाचा.’

मी व्यासपीठावर उभा राहिलो. शेजारच्या खुर्चीत सासरे, तोंड मिटून ताठ बसलेले. भाषण सुरेख होतं. पहिल्या पुस्तकाची गोष्ट होती, फळ्याची होती, पोरांच्या खोड्या होत्या. मी हळूहळू रंगत गेलो. आणि शेवटच्या पानावर आलो.

“आज तुमच्यासमोर मी स्पष्ट बोलू शकतो आहे,” मी वाचलं, “ते केवळ माझ्या जावयामुळे.”

मी थांबलो. सभागृहाने सासऱ्यांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पण पुढचं वाचणं भाग होतं.

“त्याने दोनदा माझ्यासाठी दात केले. पहिले हरवले, तेव्हा माझ्यापेक्षा तो जास्त रडवेला झाला होता. मी त्याला हरकत नाही म्हणालो, ते रागाने नव्हे. लिहायला जागा कमी होती. नाहीतर लिहिलं असतं, की मुलगी चांगल्या घरी पडली.”

माझे डोळे वाहू लागले, पुढची अक्षरं दिसेनात. पहिल्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, कारण मी रडतोय आणि ज्याच्यामुळे ते स्पष्ट बोलू शकताहेत तो मीच, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. मी घाबरून सासऱ्यांकडे वळलो. तेही हसत होते! दोन्ही हात पोटावर धरून, तोंड भलंमोठं उघडून, चारशे माणसांसमोर. आत एक दात नव्हता आणि इतकं छान हसू मी माझ्या एकाही कवळीत पाहिलेलं नाही.

टाळ्या संपल्यावर आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. कुलूप जागेवर होतं. बोल्ट जागेवर होते. बॅगही जागेवर होती. फक्त खालून कुणीतरी तळाची शिवण ब्लेडने सरळ उसवली होती. माझा जेवणाचा डबा गेला होता, रेनकोट गेला होता. दातांची डबी मात्र झाकण नीट लावून सीटच्या मधोमध ठेवली होती.

वर्कशॉपचे शिक्षक वाकून तळ बघत होते. सकाळपासून, सासूबाई धरून, आम्हा चौघांपैकी कुणीही एकदाही खाली वाकलं नव्हतं.

सासऱ्यांनी नळावर डबी धुतली, दात तोंडात बसवले, दोनदा जबडा मिटून पाहिला. आम्हाला तीन महिन्यांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य ऐकायचं होतं.

“झकास बसलेत,” ते म्हणाले. आवाज थेट फाटकापर्यंत गेला. “जावईबापू, तो चोर कुठे भेटला तर घरी घेऊन या. पुढच्या वेळी दात त्याच्याकडेच पाठवत जा.”

हल्ली मी डब्या खिशातून नेतो. आणि बॅग चोरीला जाणार नाही असं मी म्हणालो होतो, ते खोटं ठरलेलं नाही. बिनतळाची ती बॅग आजही माझ्या गाडीला तशीच आहे. काढता येत नाही.